व्हायरसचा दाखला

“व्हायरसनं मदरबोर्ड जळाला, एवढं लेटरहेडवर लिहून द्या,” मुख्याध्यापक किशोर सर म्हणाले. “बाकीचं आम्ही बघतो.”

बाकीचं म्हणजे जिजा. शाळेतली कॉम्प्युटर ऑपरेटर, डोंगरावरच्या वाडीतून येणारी, दर वर्षी नव्यानं सही होणाऱ्या नोकरीतली. दसऱ्याच्या सुट्टीनंतर पहिल्याच सकाळी तिनं स्वतःचा पेनड्राइव्ह लावला, मशीन चालू केलं आणि धूर निघाला. आता ती मुख्याध्यापकांच्या मागे, दुकानाच्या पायरीवर उभी होती. आत ये, असं तिला कोणी म्हटलं नव्हतं.

नवनाथनं डोळे चोळले. शिळफाट्यावर रिपेअरिंगचं दुकान टाकून चौदा वर्षं झाली होती आणि चौदा वर्षं तो हेच समजावत होता. “सर, व्हायरस फायली खातो. तारा नाय खात. मशीन जाळणारा लाखात एखादा असंल, तो खोपोलीत कशाला येतोय?”

“तुम्ही लिहा हो. दरवेळी लिहिताच की.”

लिहायचा खरा. उंदरानं वायर कुरतडली तरी व्हायरस, चहा सांडला तरी व्हायरस. व्हायरस काही भांडायला येत नाही आणि गिऱ्हाईक खूश राहतं. वाद घालायचा त्याला आता भयंकर कंटाळा आला होता. त्यानं पेन काढलं आणि सवयीनं पहिले दोन शब्द लिहिलेसुद्धा.

मग निदान उघडून तरी बघावं म्हणून त्यानं सरांनी आणलेल्या सीपीयूच्या खोक्याचे स्क्रू काढले. वरच्या जाळीच्या बरोबर खाली, मदरबोर्डवर चिकट डाग होता, मधोमध जळून काळा झालेला. त्यात तांदळाचे चार दाणे रुतले होते. कुंकवानं लाल झालेले.

“खंडेनवमीला नारळाचं पाणी कोनी शिंपडलं?”

सर भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. जिजा पायरीवरूनच हळू आवाजात म्हणाली, “सरांनी. मी पुसलं व्हतं, दादा. पन वरूनच.”

नवनाथला एकदम स्वतःचीच लाज वाटली. आपल्या असल्या कागदांनी आजवर कोणाकोणाच्या नोकऱ्या गेल्या असतील, कोण जाणे. त्यानं लिहिलेला कागद फाडला आणि नवा घेतला.

“अहो, पूजेतलं पाणी ते,” सर घाईघाईनं म्हणाले. “देवाला कशाला कागदावर आणता?”

“देवाला नाय आणत, सर,” नवनाथ म्हणाला. “तुमचं पूर्ण नाव सांगा.”