नळी आणि मोदक

मंडळातल्या सुमेधाच्या जुन्या खुनाचा छडा लावायला अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मराठी मंडळाने डीएनए चाचणीसाठी वर्गणी काढली, तेव्हा पहिला चेक बाळकाकांनीच फाडला. त्या चाचणीत खुनी भारतीय वंशाचा आहे एवढं कळल्यावर गणपतीत सगळ्यांची थुंकी गोळा करायचं ठरलं. आधी अर्धा तास काही खायचं नाही, एवढीच अट. मंडळाची नीना थुंकीची नळी घेऊन आली, की डायबेटिसवाले बाळकाका तोंडात मोदक कोंबायचे.

"काका, पुन्हा?"

"प्रसादाला नाही कसं म्हणू?"

आरतीपर्यंत काकांना गरगरायला लागलं, पण नळी टळली.

"असू दे, तुमच्यावाचून अडणार नाही," नीना म्हणाली. "खुन्याचा एखादा नातेवाईक जुळला तरी पोलिसांना पुरतो."

काकांचं चावणं थांबलं.

काकांच्या मुलाने, देवांगने, बापाच्या पाठीवरून हात फिरवला. "डोन्ट वरी, बाबा. मी सकाळपासून उपाशी होतो. तुमच्या वाटचंही थुंकून आलोय."