ओळखीचं गाव

"याच खोलीत उतरायचात ना तुम्ही?" कुलूप काढता काढता घरमालकीण म्हणाली. "दर वर्षी, तुमच्या मिस्टरांबरोबर. मी मुद्दाम तीच झाडून ठेवली."

मग मागे बॅगा घेऊन उभ्या असलेल्या नव्या मिस्टरांकडे तिचं लक्ष गेलं, आणि तिनं जीभ चावली.

नवे मिस्टर पासष्टीचे. जन्मभर त्यांनी कवळ्या बनवल्या. 'आमच्या गावातलं निम्मं हसू माझ्या हातचं,' असं ते ऐटीत सांगत. त्यांचं स्वतःचं हसू मात्र आत्ता पार मावळलं. लग्नाला महिनाही झाला नव्हता. 'आईला त्या समुद्राकाठच्या गावी न्या, तिच्या फार मनात आहे,' एवढंच बाईंच्या लेकीनं सांगितलं होतं. शाळेत शिकवायच्या म्हणून सगळे त्यांना बाई म्हणत. लग्न झालं तरी कवळीवाल्यांच्या तोंडी तेच बसलं होतं.

खोली मागच्या बाजूची, अंगणाकडे तोंड असलेली. दोन खाटा, एक टेबल, एक स्टूल. बाईंनी न पाहताच हात भिंतीवर नेला आणि दिव्याचं बटण नेमकं सापडलं. कवळीवाल्यांनी बॅगा दाराशीच ठेवल्या. माणूस जाऊन वर्षं लोटली होती, पण खोली अजून त्याचीच होती.

संध्याकाळी दोघं बाहेर पडली. औषधांच्या दुकानातून कुणीतरी बाईंना हाक मारली. बर्फवाला म्हणाला, "किती दिवसांनी!" बाई प्रत्येकाशी थांबून बोलल्या. कवळीवाले शेजारी उभे राहून उगाचच चष्मा पुसत राहिले. आपण या गावात कुणाच्या तरी जागेवर येऊन बसलोय, असं त्यांना वाटत होतं.

गल्ली संपली आणि समोर एकदम समुद्र उघडला. बाई जागच्या जागी थबकल्या. त्यांचे डोळे भरून आले.

कवळीवाल्यांनी घसा खाकरला. "बाई, त्यांची आठवण आली असेल तर मोकळेपणानं रडा. मी तिकडे बाकावर जाऊन बसतो. मला काही वाटायचं नाही."

वाटणार होतं. तरी ते वळलेच. बाईंनी त्यांची बाही घट्ट धरली.

"कुठे निघालात? अहो, आम्ही इथल्या वैद्यांकडे उपचारांना यायचो. त्यांच्या छातीला वारा सोसायचा नाही. दारं-खिडक्या बंद. औषध घ्यायचं, बर्फ घ्यायचा आणि धावत परत फिरायचं. याचा नुसता आवाज यायचा, भिंतीपलीकडून."

त्यांनी चपला काढल्या. सुटलेला पदर कमरेला खोचला.

"चला, पाण्यात जाऊ. पण हात सोडू नका हं माझा. मी समुद्र पहिल्यांदाच बघतेय."