जोर तुमचाच
"आता आवळून धरा, ताई," फिजिओथेरपिस्ट म्हणाली.

मालनबाईंनी डोळे घट्ट मिटले. दुसऱ्या बाळंतपणात आतला स्नायू फाटला, तेव्हापासून एकोणीस वर्षं त्यांचा शौचावर ताबा नव्हता. लग्नकार्यं, एसटीचा प्रवास, सगळं सुटलं. खरं कारण त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. शेवटी गावात आरोग्यसेविकेचं काम करणाऱ्या आशाताईंनी ओळखलं आणि या मोठ्या रुग्णालयात आणलं. डॉक्टरांनी स्नायू जोडला. आता त्याला पुन्हा काम शिकवायचं होतं.

"डोळे उघडा. समोर बघा."

त्या स्नायूशी तारेनं जोडलेल्या मशीनच्या पडद्यावर एक हिरवी रेषा हळूहळू वर चढत होती. त्यांनी सैल सोडलं, रेषा उतरली. पुन्हा आवळलं, पुन्हा चढली.

"हे मशीन करतंय?"

"मशीन नुसतं दाखवतंय. जोर तुमचाच आहे."

मालनबाई बघतच राहिल्या. मेला म्हणून सोडून दिलेला देहाचा कोपरा त्यांचं ऐकत होता.

बाहेर बाकावर एक तरुण बाई प्लास्टिकची पिशवी अंथरून, मान खाली घालून बसली होती. मालनबाई तिच्याशेजारी टेकल्या.

"लाजू नकोस गं. आत जा. आपल्यात अजून किती जोर आहे, ते तिथे डोळ्यांनी दिसतं."