झकपकची पाटी

शिडीवरच्या माणसाने शेवटचा स्क्रू काढला आणि ‘झकपक लाँड्री’ची निळी पाटी दणकन खाली आली. दुकान चालवणाऱ्या वहिनीला ते बघवेना. पण झकपक कंपनीच्या साहेबासमोर तोंड पाडायचं नाही, एवढं तिने सकाळीच ठरवलं होतं.

“अजूनही विचार करा,” साहेब म्हणाला. “नव्या करारावर सही केलीत तर आत्ता परत लावतो.”

“आणि नाही केली तर दुकानाला कुलूप लावाल?” वहिनीने मुद्दामच विचारलं.

साहेब कराराचे कागद चाळू लागला. जुन्या करारात चक्क तसंच होतं: कंपनी सोडली की तीन वर्षं या गावात लाँड्री चालवायची नाही. शेजारचा सलूनवाला त्याच्या कंपनीतून बाहेर पडला, तो कात्री पेटीत ठेवून घरी माश्या मारत बसला होता. यंदा नवा कायदा आला नि त्या अटीचे बारा वाजले. आता नाव कंपनीचं, पण धंदा चालवणाऱ्याचा.

तरी नवऱ्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. इस्त्री फिरवता फिरवता तो पुटपुटला, “लोक नाव बघून येतात गं. बिननावाच्या दुकानात कोण कपडे टाकणार?”

खरं सांगायचं तर तिलाही हीच धास्ती होती. तिने पुसलेला काउंटर उगाच पुन्हा पुसला.

“आणि हो,” साहेबाने बजावलं, “झकपक हे नाव पाटीवर, पिशवीवर, कुठेही दिसता कामा नये. ते आमचं आहे.”

एवढ्यात पलीकडची लॉजवाली मावशी चादरींचं भलंमोठं गाठोडं सावरत आली. पाटी आहे की गेली, तिने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

“ओ झकपकवहिनी! उद्या सकाळी हव्यात बरं का!”

साहेब ताडकन वळला. “अहो बाई, हे नाव आता इथे चालणार नाही!”

“पाटीला कोण हाक मारतंय? मी आमच्या वहिनीला मारली!” मावशीने गाठोडं काउंटरवर आदळलं. नवरा इस्त्री उभी करून खो खो हसत सुटला.

वहिनीने गाठ सोडली आणि चादरी मोजायला घेतल्या.

“साहेब, शिडी अजून उभीच आहे,” ती म्हणाली. “मावशींच्या जिभेला टेकवा, आणि तेवढं नावही काढून न्या.”