कोंबड्यांचा वाटा

कैलाशनं तांदळाचा दाणा चिमट्यात धरला आणि खालून लायटर पेटवला. दाणा आधी तपकिरी झाला, मग काळा, मग त्यातून धूर निघाला. अंगणात जमलेल्या बायका दोन पावलं मागं सरल्या.

"पाहा. प्लास्टिक," कैलाश म्हणाला.

भाकर जाळली तरी काळीच होते, पण भाकर जाळून पाहायची बुद्धी अड्याळ गावात तोवर कोणाला झाली नव्हती. कैलाशचं बाजारात मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं आणि तीन ग्रुपांचा तो ॲडमिन होता. त्यामुळं गावातलं सगळं विज्ञान त्याच्याकडंच होतं.

आशा सेविका शोभाताईंनी समजावून पाहिलं. हे दाणे रेशनच्या तांदळात मुद्दाम मिसळतात. ते तांदळाच्या पिठाचेच असतात, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-बारा जीवनसत्त्व घातलेलं असतं. म्हणून रंग वेगळा दिसतो, म्हणून पाण्यात तरंगतात. त्या बोलत होत्या सगळ्यांशी, पण बघत होत्या दारात टेकून उभ्या असलेल्या गुंजनकडं. गुंजन कैलाशची बायको. सहावा महिना लागलेला, खालच्या पापण्या आतून खडूसारख्या. हिच्या अंगात रक्त नाही, बाळंतपणात जिवावर बेतेल, असं शोभाताई सगळ्यांसमोर स्पष्टच म्हणाल्या.

"माह्या बायकोले लोखंड चारता का?" कैलाश म्हणाला. "मंग वरठीच्या लोखंडाच्या कारखान्यातच नेऊन ठेवतो ना तिले, थेट भट्टीपाशी."

बायका हसल्या. शोभाताईंनी लोहाच्या लाल गोळ्यांची पट्टी गुंजनच्या हातात दिली आणि त्या पुढच्या घरी गेल्या.

गोळ्या फुकटच्या होत्या, म्हणजे काही कामाच्या नव्हत्या. कैलाशनं त्या फळीवर टाकल्या आणि ऑनलाईन टॉनिक मागवलं. डब्यावर डाळिंबाचं चित्र होतं. आत डाळिंब होतं की नाही, ते डबा भरणाऱ्याला ठाऊक. आई म्हणते तर गोळ्या घेऊन पाहते, असं गुंजन एकदा भीत भीत बोलली. तुझ्या आईला इंटरनेट येतं का, एवढंच कैलाशनं विचारलं. गोळ्या फळीवरच राहिल्या.

रेशन मात्र सुरूच राहिलं. फुकटचं सोडायचं नाही आणि त्यावर विश्वासही ठेवायचा नाही, या दोन्ही गोष्टी कैलाशला एका वेळी जमत. शेतातला बारीक तांदूळ विकायचा आणि घरात रेशनचा शिजवायचा, अशी त्याची व्यवस्था होती. त्यातले ‘प्लास्टिक’चे दाणे वेचायचं काम त्यानं मागच्या गल्लीतल्या रुखमाला दिलं. रुखमा विधवा, एकटीच राहणारी. दर महिन्याला ती सूप घेऊन ओसरीत बसायची आणि एकेक दाणा वेचून काढायची. मजुरी म्हणजे एक कप चहा.

"कोंबड्यायले टाक तुह्या," वेचलेल्या दाण्यांकडं बोट दाखवत कैलाशनं पहिल्याच वेळी सांगितलं. "मेल्या तर सांगजो. ग्रुपवर टाकतो."

रुखमानं मान हलवली आणि दाणे पदरात बांधले. कोंबड्या मेल्याची बातमी काही आली नाही. कैलाशनंही पुन्हा विचारलं नाही.

गुंजनला मुलगी झाली ती भंडाऱ्याच्या दवाखान्यात. मुलगी रडली. आई डोळे उघडेना. डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि रक्त आत्ताच्या आत्ता लागेल म्हणाल्या. गट बी पॉझिटिव्ह. रक्तपेढीतल्या त्या गटाच्या बाटल्या संपल्या आहेत, माणूस आणा.

कैलाशनं तिन्ही ग्रुपांवर निरोप टाकला. तिन्ही ग्रुपांवरून हात जोडल्याची चित्रं आली. माणूस एकही आला नाही. त्याचा भाऊ नीलेश आला, पण त्याचा गट जुळेना. कैलाशचा स्वतःचा गट जुळत होता. त्याच्या बोटाला सुई टोचली, आणि तुमच्याच अंगात रक्त कमी आहे, तुमचं घेता येणार नाही, असं पेढीतल्या पोरानं सांगितलं. मशीन बिघडली असन, कैलाश म्हणाला. पोरानं दुसऱ्या बोटाला टोचलं. मशीन आपल्या म्हणण्यावर ठाम होती.

तेवढ्यात बाकावरून रुखमा उठली. बाळंतिणीसोबत बाईमाणूस पाहिजे, म्हणून तिला गाडीत घेतलं होतं. तिनं बोट पुढं केलं.

"हिच्यात का निघन?" कैलाश म्हणाला. "हवा?"

पोरानं थेंब घेतला, आकडा पाहिला, पुन्हा एकदा पाहिला. "झोपा मावशी," तो म्हणाला. "गटही जुळते. असं रक्त दिवसभरात कोणाचं पाहिलं नाही."

संध्याकाळपर्यंत ती पिशवी गुंजनच्या हाताला लागली होती. ओठांवर थोडा रंग आला. तिनं डोळे उघडून मुलगी कुठं आहे, असं विचारलं.

कैलाशचा जीव भांड्यात पडला आणि लगेच त्याचं विज्ञान जागं झालं. या बाईला जंगलातलं काहीतरी ठाऊक आहे, अशी त्याची खात्री पटली. बाहेर बाकावर रुखमा दवाखान्यानं दिलेलं बिस्कीट चहात बुडवत बसली होती. कैलाश तिच्या शेजारी बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्यानं मोबाईलचा कॅमेरा सुरू करून तिच्यासमोर धरला.

"रुखमाबाई, खरं सांग. खातेस तरी काय तू? कोणती जडीबुटी?"

रुखमानं बिस्कीट खाली ठेवलं. चोरी पकडल्यासारखी ती पदराशी चाळा करू लागली.

"रागावू नोका, भाऊ," ती म्हणाली. "कोंबड्या कुठं हायेत माह्यापाशी? ते पलास्टिक मीच भातात टाकून खाऊन राहिली ना."