पन्नासपैकी पन्नास

पन्नासपैकी एकतीस. बाईंनी आकडा दोनदा वाचला आणि काचेपलीकडे बसलेल्या सरांकडे पाहिलं. सर निवांतपणे डबा उघडत होते. परीक्षेत चाळीसच्या खाली आलेला माणूस कामावर ठेवायचा नाही, हा नियम बाईंचाच. आणि निवृत्त झालेल्या आपल्या शाळेतल्या सरांना गेल्याच महिन्यात या नोकरीत चिकटवलं होतं तेही बाईंनीच. सरांच्या बायकोची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि ते चालायचं कंपनीच्या विम्यावर. नोकरी गेली की विमा गेला, आणि विमा गेला की पुढचं सांगायला डॉक्टर लागत नाही.

काम दिसायला पोरखेळ. पडद्यावर एका भाषेतलं वाक्य, त्याखाली त्याचंच दुसऱ्या भाषेतलं भाषांतर. वरच्या शब्दापासून खालच्या त्याच्या जोडीदारापर्यंत रेघ ओढायची. पण एका भाषेत दुसऱ्या क्रमांकावर बसणारा शब्द दुसरीत थेट शेपटाला जाऊन बसतो. अशा लाखो रेघा मोजून भाषांतराचं यंत्र शिकायचं, की कुठला शब्द उचलून कुठे ठेवायचा. म्हणून माणसांची दर महिन्याला परीक्षा, आणि तिची उत्तरं बाईंच्या कुलपात.

बाई उत्तरं काढून एकेक वाक्य ताडून पाहू लागल्या. विसाव्या वाक्याला थांबून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून ताडलं. सरांची रेघन् रेघ बरोबर होती. चुकली होती ती उत्तरं.

ती बाईंनीच तयार केली होती, चार वर्षांपूर्वी, बाहेरच्या टेबलावर बसत होत्या तेव्हा. यंत्र तेव्हा शब्दाला सहा जागांपलीकडे हलवतच नसे. हलवू दिलं तर एकाच वाक्यावर तासभर घुटमळायचं. मग लांबच्या रेघा ओढून डोळे कशाला फोडायचे? बाईंनी त्या तोडून जवळच्या शब्दाला चिकटवून दिल्या. काम झपाट्याने उरकलं, साहेब खूश झाले, बाईंना काचेची खोली मिळाली. तेव्हापासून बाहेरची चौदा माणसं त्या उत्तरांबरहुकूम इमानेइतबारे चुकत होती. हे फुटलं असतं तर खोली सोडाच, बाईंना कोणी फाटकातही उभं केलं नसतं.

त्यांना सरांचा राग आला. खरंच आला. चौदा जणांना जमतं, यांनाच तेवढं बरोबर यायचं होतं.

"सर, उद्या पुन्हा बसा," त्यांनी सरांना आत बोलावून सांगितलं. "दुसरी पन्नास वाक्यं देते. फार लांब जाऊ नका. जवळजवळच जोडत चला."

"अगं, पण शब्दाचा जोडीदार तिथे नसतो."

"इथे बरोबर म्हणजे उत्तराशी जुळतं ते, सर."

सरांनी चष्मा काढून पुसला. "उत्तरं तू लिहिलीस ना?"

बाईंनी टेबलावरची उत्तरं खणात सारली.

"घाबरू नकोस. मी कोणाला सांगायला जात नाही. हिचं डायलिसिस चुकायला नको, एवढंच बघ."

दुसऱ्या दिवशी सर परीक्षेला बसले. पन्नासपैकी पन्नास. तोडलेल्या लांबच्या रेघा तर जुळल्याच, पण बाईंनी निव्वळ कंटाळून जिथे घोडचुका केल्या होत्या, तिथेही सर नेमके तसेच चुकले होते.

"पहिलीपासून तुझ्या वह्या तपासल्यात," सर हसून म्हणाले. "कंटाळलीस की कुठे पाट्या टाकतेस, मला तोंडपाठ आहे." किती दिवसांनी ते असे हसले होते. बाईंचाही जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. निकाल त्यांच्याही पडद्यावर जायचा.

"काल एकतीस, आज पन्नास? इथे अठ्ठेचाळीसच्या वर आजवर कोणी गेलेलं नाही. उत्तरं फुटली का?"

सर समोरच उभे होते. सगळं एका वाक्यात सांगता आलं असतं: उत्तरं माझी आहेत, ती चुकीची आहेत, आणि माझ्या चुका या माणसाला पाठ आहेत. बाईंनी ते मनात जुळवूनही पाहिलं.

"हो साहेब," त्या म्हणाल्या. "माझं कुलूप उघडं राहिलं असणार. मी आजच त्यांना पत्र देते."

सर डबा आवरायला बाहेर वळले. बाईंनी कामावरून कमी करण्याचा छापील कागद पुढे ओढला, आणि 'कारण' लिहिलेल्या रकान्यात, सरांनीच हात धरून वळवलेल्या अक्षरात, लिहिलं: कॉपी केली.