केबलची परीक्षा

"असल्या वायरीवर मी रेकॉर्डिंग करणार नाही!" अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकरच्या पेटीपर्यंत गेलेली काळी केबल स्टुडिओचे मालक ओक यांनी दोन बोटांत उचलून धरली. झुबेदाने ती मिरजेतल्या हार्डवेअरच्या दुकानातून जाड तांब्याची वायर आणून स्वतः बनवली होती. "गिटारचा गोडवा या वायरीनंच मारलाय. माझी परदेशी केबल लावा."

वीस वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवलेल्या झुबेदाला ते झोंबलं. सिनेमाचं हे तिचं पहिलंच गाणं, गप्प बसणं सोयीचं होतं. तरी ती म्हणाली, "ओकसाहेब, केबलनं आवाजात काही फरक पडत नाही. आपण दोघंही भिंतीकडे तोंड करून बसू. मंजिरीताई वाजवतील. कुठली केबल आहे, ते ओळखून दाखवा."

संगीतकार मंजिरीताईंनी हसत गिटार घेतली. दर वेळी अ‍ॅम्प्लिफायर बंद करायचा, केबल बदलायची किंवा तीच ठेवायची आणि तीच ओळ वाजवायची, असं आठ वेळा झालं. दोघांनी उत्तरं कागदावर लिहिली.

ओकांची चार बरोबर आली. झुबेदाचीही चारच.

"बघा, तुम्हाला तुमची स्वतःची केबलसुद्धा ओळखता आली नाही," ओक उसळून म्हणाले.

"नाहीच आली. मग मी दुसरं काय सांगत होते?" झुबेदाने आपली केबल घट्ट बसवली आणि गिटार गळ्यात अडकवली. "करा रेकॉर्डिंग."

ओकांनी मंजिरीताईंकडे पाहिलं. त्या हेडफोन लावून केव्हाच तयार बसल्या होत्या.